भाड्याच्या संगणकांची मोजदाद

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझे विषय इतिहास आणि मराठी. संगणकशास्त्राची पदवी माझ्याजवळ नाही. तरीही आज मी संगणकाविषयी बोलणार आहे आणि तेही जरा अवघड वाटेल अशा गोष्टीविषयी. एखाद्या संस्थेचे संगणक, साठे आणि माहिती तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे भाड्याने ठेवलेली असतील, तर आपले नेमके काय काय कोठे आहे हे शोधून काढायचे कसे, आणि त्या शोधाची आखणी करायची कशी, हा माझा विषय आहे. तो निवडण्यास एक कारण घडले. त्यात माझी स्वतःची चूक आहे. ती मी आपणांपासून लपवणार नाही. परंतु आधी विषय समजावून सांगतो, म्हणजे चूक कोणत्या जातीची होती हे आपल्या ध्यानी येईल.

आपल्या शाळेत डेड स्टॉक रजिस्टर नावाची एक जाड वही आहे. गेली सहा वर्षे ती माझ्या ताब्यात आहे. बाके, कपाटे, नकाशे, प्रयोगशाळेतील तराजू, पंखे, सारे तीत नोंदलेले आहे. वर्षातून एकदा शिपाईमामांना बरोबर घेऊन मी खोल्याखोल्यांतून फिरतो आणि वहीतील आकडा व खोलीतील वस्तू यांचा मेळ घालतो. हे काम करताना दोन प्रकारचे फरक सापडतात. वस्तू वहीत आहे पण खोलीत नाही, हा पहिला. वस्तू खोलीत आहे पण वहीत नाही, हा दुसरा. पहिला फरक निघाला की मुख्याध्यापक रागावतात. दुसरा निघाला की कोणी रागावत नाही. एक खुर्ची जास्त निघाली तर बिघडले कोठे, असे सारे म्हणतात. संगणकाच्या जगात मात्र हा दुसराच फरक जास्त घातक आहे. ज्या यंत्राची नोंद नाही त्याची काळजी कोणी घेत नाही, त्याचे कुलूप कोणी तपासत नाही, आणि चोर नेमका तेथूनच आत येतो.

आता क्लाऊड म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पूर्वी कंपनीला संगणक लागला की तो विकत घ्यावा लागे. त्यासाठी अर्ज, मंजुरी, निविदा, बिल आणि शेवटी रजिस्टरात नोंद, असा रिवाज होता. २००६ साली ॲमेझॉन कंपनीने आपल्या यंत्रांवरील जागा आणि यंत्रशक्ती भाड्याने देण्यास आरंभ केला. मायक्रोसॉफ्टची अझूर ही सेवा २०१० साली सर्वांसाठी खुली झाली. गुगलनेही तोच व्यवसाय धरला. आज या तिन्ही कंपन्यांची यंत्रगृहे भारतातही आहेत. मायक्रोसॉफ्टचे एक तर आपल्या पुण्यात आहे. क्लाऊड म्हणजे ढग. परंतु यात आकाशातले काही नाही. कोणाच्या तरी इमारतीतील, वीज आणि गार हवा लागणारी, जमिनीवरचीच ती यंत्रे आहेत. आपण फक्त भाडेकरू आहोत.

या सोयीने फार मोठे काम झाले. ज्याच्याजवळ भांडवल नाही तोही पाच मिनिटांत संगणक भाड्याने घेऊ शकतो. परंतु सोय आली आणि रजिस्टर गेले. ज्याच्या हातात कार्ड आणि ई-मेल आहे तो कोणास न विचारता यंत्र सुरू करतो, काम झाले की विसरतो, नोकरी बदलतो आणि निघून जातो. यंत्र मात्र तेथेच राहते. त्यात मोठ्या कंपन्या बहुधा एकाच मालकाकडे राहत नाहीत. एका खात्याला ॲमेझॉन सोयीचे वाटते, दुसरे आधीपासून मायक्रोसॉफ्ट वापरत असते, आणि एखादी लहान कंपनी विकत घेतली की तिचे गुगलवरील बिऱ्हाड पाठोपाठ येते. तीन घरमालक, तीन प्रकारची कुलपे, तीन प्रकारच्या पावत्या. अशा वेळी आपले सामान किती, हा साधा प्रश्न अवघड होऊन बसतो.

हा प्रश्न न सोडवल्याने काय होते याचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत इक्विफॅक्स नावाची एक कंपनी आहे. लोकांच्या कर्जफेडीची माहिती ठेवणे हा तिचा व्यवसाय. मार्च २०१७ मध्ये अपॅची स्ट्रट्स या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या एका प्रणालीत दोष असल्याचे जाहीर झाले आणि तो दुरुस्त करण्याचे साधनही त्याच वेळी मिळाले. कंपनीत आदेश निघाला की दोन दिवसांत दुरुस्ती करा. पण ही प्रणाली आपल्याकडे कोणकोणत्या यंत्रांवर आहे याची पूर्ण यादीच कंपनीजवळ नव्हती. सूचनेची पत्रे ज्या यादीवरून पाठवली तीही जुनी झालेली होती. शोध घेतला तेव्हा दोषी यंत्र सापडले नाही. मे महिन्यापासून जुलैअखेरपर्यंत चोर आत होते. सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची खासगी माहिती गेली. त्यानंतर अमेरिकेच्या सिनेटच्या उपसमितीने २०१९ साली जो अहवाल दिला, त्यातही संपूर्ण यादी नसणे हा दोष नोंदवला आहे. ध्यानात घ्या, औषध हाताशी होते. रोगी कोणत्या खोलीत आहे हेच कळत नव्हते. आणि ज्या यंत्रावरून चोर आत शिरले ते कंपनीच्या स्वतःच्या घरातले होते. मग तीन भाड्याच्या घरांत सामान विखुरलेले असेल तर काय होईल?

डिसेंबर २०२१ मध्ये असाच प्रसंग साऱ्या जगावर आला. लॉग-फोर-जे नावाचा, नोंदी लिहिणारा एक छोटासा भाग असंख्य प्रणालींच्या पोटात बसवलेला असतो. त्यात भयंकर दोष निघाला. तेव्हा मोठमोठ्या कंपन्यांतील लोकांचे दिवस दुरुस्तीपेक्षा तो भाग आपल्याकडे कोठे कोठे आहे हे शोधण्यातच अधिक गेले.

या अनुभवांतून जगाने धडा घेतला. सुरक्षेचे जे नियम अनेक देशांत प्रमाण मानले जातात, त्यांतील सीआयएसच्या यादीत पहिलाच नियम यंत्रांची नोंद ठेवण्याचा आणि दुसरा त्यांवरील प्रणालींची नोंद ठेवण्याचा आहे. कुलूप, पहारा, तपासणी हे सारे त्यानंतर येते. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२२ मध्ये तेथील केंद्रीय कार्यालयांना आदेश दिला की दर ७ दिवसांनी आपल्या यंत्रांचा आपोआप शोध घ्यावा आणि दर १४ दिवसांनी त्यांतील दोष तपासावेत. आम्ही वर्षातून एकदा बाके मोजतो. त्यांनी आठवड्याचा नियम केला.

आता आखणी कशी करायची ते क्रमाने सांगतो. आपल्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी पुण्यात याच कामात आहे. तिने मला जसे शिकवले तसेच मी आपणांस सांगत आहे. विद्यार्थ्याकडून शिकण्यात शिक्षकाला कमीपणा वाटू नये. मला तर त्यात आनंदच झाला.

पहिली पायरी हेतू ठरवण्याची. मोजायचे कशासाठी? खर्च कमी करायचा आहे, सुरक्षा पाहायची आहे, की कायद्याला उत्तर द्यायचे आहे? हेतू ठरला की काय मोजायचे ते ठरते. ही मोजणी यंत्रांवर थांबत नाही. साठे, डिस्क, माहितीचे संच, इंटरनेटवरचे पत्ते, संकेतस्थळाची नावे, प्रमाणपत्रे, लोकांची खाती आणि गुप्त चाव्या, ही सारी मालमत्ता आहे. हरवलेली चावी हरवलेल्या यंत्राइतकीच धोक्याची असते.

दुसरी पायरी घरमालक आणि खाती शोधण्याची. नवशिका माणूस लगेच यंत्रे मोजायला धावतो. जाणता माणूस आधी विचारतो, "आपली खाती किती?" कारण जे खातेच ठाऊक नाही, त्यातील यंत्र कोणत्याही साधनाला दिसणार नाही. तिन्ही मालकांची रचना निरनिराळी आहे. ॲमेझॉनकडे संस्था, तिच्याखाली बारा अंकी क्रमांकांची खाती आणि प्रत्येक खात्यात जगभरचे प्रदेश असतात. अझूरमध्ये मुख्य भाडेकरू, त्याखाली व्यवस्थापन गट, मग वर्गणी आणि मग साधनांचे गट अशी उतरंड असते. गुगलमध्ये संस्था, घड्या आणि प्रकल्प असतात. आपल्या गावातील मोहल्ला, गल्ली, घर यांसारखेच हे आहे. फक्त प्रत्येकाची नावे वेगळी. जी खाती मुख्य संस्थेशी जोडलेली आहेत ती सहज सापडतात. जी कोणी खासगी कार्डावर उघडली ती सापडत नाहीत. त्यांच्यासाठी हिशेब विभागात जावे लागते. बिले पाहावी, कार्डांचे उतारे पाहावे, ई-मेलमधील पावत्या शोधाव्या, संकेतस्थळांची नावे कोणत्या पत्त्यांकडे बोट दाखवतात ते पाहावे. माणूस विसरतो, परंतु पैसे घेणारा विसरत नाही.

येथे प्रदेशांविषयी एक सूचना. ॲमेझॉनवर नवे खाते उघडले की डझनाहून अधिक प्रदेश आपोआप खुले असतात, आणि बहुतेक वस्तू त्या त्या प्रदेशातच दिसतात. मुंबई प्रदेशाचे पान उघडून "येथे काही नाही" म्हणणारा माणूस सिंगापूर प्रदेशात चालू राहिलेले यंत्र पाहूच शकत नाही. म्हणून आपण जो प्रदेश वापरत नाही असे वाटते तोही पाहावा. रिकाम्या म्हणून सोडून दिलेल्या खोलीतच अडगळ साठते.

तिसरी पायरी परवानगीची. मोजणाऱ्याला पाहण्याचा अधिकार द्यावा. हलवण्याचा, पुसण्याचा किंवा आतील कागद वाचण्याचा देऊ नये. तिन्ही कंपन्यांकडे केवळ पाहण्यापुरते अधिकार देण्याची सोय आहे. कपाट आहे एवढे मोजायचे. कपाटातील पत्रे वाचायची नाहीत. विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी येथे आणखी एक गोष्ट. दुसऱ्याच्या यंत्रांचा असा शोध परवानगीवाचून घेणे, मग ते कुतूहलापोटी का असेना, माहिती तंत्रज्ञान कायदा २००० प्रमाणे अंगाशी येऊ शकते. लेखी परवानगी हातात घेतल्याशिवाय कोणाचेही दार वाजवू नका.

चौथी पायरी साधनांची. ॲमेझॉनकडे कॉन्फिग आणि रिसोर्स एक्सप्लोरर, मायक्रोसॉफ्टकडे रिसोर्स ग्राफ, गुगलकडे क्लाऊड ॲसेट इन्व्हेंटरी अशी मोजणीची साधने आहेत. त्यांना प्रश्न विचारला की ती यादी देतात. परंतु त्यांचे मुख्य लक्ष आपापल्या मालकाच्या घरावर असते. शिवाय यंत्र आहे एवढे ती सांगतात. त्या यंत्राच्या पोटात कोणती प्रणाली आहे हे प्रत्येक वेळी सांगत नाहीत. त्यासाठी काही ठिकाणी यंत्राच्या आत एक छोटा पहारेकरी बसवावा लागतो, किंवा यंत्राच्या डिस्कची प्रत घेऊन ती बाहेर तपासावी लागते. आणि आपले घर रस्त्यावरून कसे दिसते हे कळण्यासाठी बाहेरूनही एकदा पाहावे लागते. एकाच मार्गाने सारे दिसेल असे समजू नये. दोन मार्गांनी पाहावे आणि त्यांतील फरकाकडे विशेष लक्ष द्यावे.

पाचवी पायरी एका रजिस्टराची. तीन याद्या एकाखाली एक चिकटवल्या म्हणजे रजिस्टर होत नाही. एकच वस्तू तीन ठिकाणी तीन नावांनी ओळखली जाते, म्हणून आधी रकाने ठरवावे. वस्तूचा प्रकार, मालक कंपनी, खाते, प्रदेश, कायम ओळख क्रमांक, जबाबदार व्यक्ती, काम, माहिती किती नाजूक आहे, आणि शेवटची पाहणी केव्हा झाली. यातील ओळख क्रमांकाचे महत्त्व शिक्षकांना सांगायला नको. एकाच वर्गात एकाच नावाचे तीन विद्यार्थी असतात. म्हणून आपण जनरल रजिस्टरचा नंबर धरतो. यंत्राचे नाव बदलते, इंटरनेटवरील त्याचा पत्ताही बदलतो. आज एका यंत्राकडे असलेला पत्ता उद्या दुसऱ्याकडे जातो. कंपनीने दिलेला कायम क्रमांक धरावा.

वस्तूंवर चिठ्ठी लावण्याची सोय तिन्हीकडे आहे. आम्ही बाकावर रंगाने क्रमांक घालतो तसे. पण तिघांचे नियम वेगळे आहेत. ॲमेझॉन लहान व मोठी इंग्रजी अक्षरे वेगळी मानते. अझूर चिठ्ठीच्या नावात तो भेद मानत नाही. गुगल तर मोठी अक्षरे स्वीकारतच नाही. ॲमेझॉन व अझूरमध्ये एका वस्तूवर ५० चिठ्ठ्या चालतात, गुगलमध्ये ६४. म्हणून पहिल्या दिवशीच ठरवावे की सर्व चिठ्ठ्या लहान अक्षरांत असतील आणि पाच-सहाच असतील : विभाग, जबाबदार व्यक्ती, काम, माहितीचा प्रकार, बंद करण्याची तारीख. एवढे ठरवायला एक दुपार पुरते. न ठरवल्यास पुढे महिनेच्या महिने त्याच घोळात जातात.

सहावी पायरी वेळेची. बाक वर्षानुवर्षे जागचे हलत नाही. क्लाऊडवरील काही यंत्रे काही मिनिटांसाठी जन्मतात आणि नाहीशी होतात. त्यांची गणना वर्षातून एकदा करणे म्हणजे रेल्वे स्थानकावरील माणसांची जनगणना करण्यासारखे आहे. तेथे हजेरीपटाची पद्धत हवी. कोण आला, कोण गेला याच्या नोंदी तिन्ही कंपन्या ठेवू शकतात. त्या चालू ठेवाव्या आणि जपाव्या. आपल्या देशाच्या सर्ट-इन या संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये दिलेल्या निर्देशांत नोंदी १८० दिवस ठेवण्यास आणि घातपाताची खबर ६ तासांत देण्यास सांगितले आहे. ज्याला आपले सामान ठाऊक नाही तो सहा तासांत काय कळवणार?

सातवी पायरी मेळ घालण्याची. रजिस्टर एका हातात, बिल दुसऱ्या हातात. ज्याचे भाडे जाते पण नोंद नाही, ते शोधावे. ज्याची नोंद आहे पण भाडे जात नाही, तेही शोधावे. बंद केलेल्या यंत्राच्या डिस्कचे भाडे चालूच असते. यंत्र काढून टाकले तरी त्याची डिस्क मागे राहू शकते. संकेतस्थळाचे नाव सोडून दिलेल्या जागेकडे बोट दाखवत राहिले, तर ती जागा दुसरा कोणी घेऊन आपल्या नावाने दुकान मांडू शकतो.

आणि शेवटची पायरी, सापडलेल्या बेवारस वस्तूचे काय करायचे. येथे उतावळेपणा नको. आपल्याकडे जुन्या सामानाचे निर्लेखन करताना ठराव, पंचनामा आणि सही लागते ना? तेच येथेही. आधी जबाबदार माणूस शोधावा. तो न सापडल्यास बाहेरची दारे बंद करावी. मग यंत्र थांबवावे, त्याची प्रत ठेवावी, काही आठवडे वाट पाहावी आणि मगच काढून टाकावे. कोणाचे तरी पगारपत्रक त्या विसरलेल्या यंत्रावर निघत असू शकते. आणि हे सारे एकदम तिन्ही घरांत सुरू करू नये. एका मालकाच्या एका खात्यापासून आरंभ करावा, चुका तेथे कराव्या आणि मग पुढे जावे.

आता माझी चूक सांगतो.

२०२० साली टाळेबंदीत शाळा बंद होती आणि शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्याची मुदत जवळ आली होती. पालकांना शाळेत बोलावता येत नव्हते. तेव्हा एका होतकरू माजी विद्यार्थ्याच्या मदतीने मी एका कंपनीकडे क्लाऊडवर साठा उघडला. कार्ड माझे, ई-मेल माझा. पालकांनी मोबाइलवरून उत्पन्नाचे दाखले, आधार कार्डाच्या प्रती आणि पासबुकाची पाने पाठवली. ती पटापट उघडता यावीत म्हणून आम्ही तो साठा सर्वांना खुला ठेवला. दुवा ज्याच्याजवळ असेल तो पाहू शकेल असा. अर्ज वेळेवर गेले. शिष्यवृत्ती आली. सर्वांनी माझे कौतुक केले. तो विद्यार्थी पुढे नोकरीसाठी आखाती देशात गेला. मी साठा विसरलो. महिन्याला पाच-सात रुपये माझ्या कार्डातून जात. बँकेचा संदेश येई आणि मी तो न वाचता पुसून टाकी.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती पुण्याची माजी विद्यार्थिनी भेटायला आली. मी सहज म्हणालो, "बेटा, तू जे मोठ्या कंपन्यांसाठी करतेस ते आपल्या संस्थेसाठी एकदा कर." कार्यालयाने तिला लेखी परवानगी दिली आणि चार वस्तूंची यादी दिली. तिने यादी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "सर, आधी तुमच्या ई-मेलमध्ये पावती हा शब्द शोधा." आम्ही शोधला. अर्ध्या तासात चाराच्या अकरा वस्तू झाल्या. त्या तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडे होत्या. आपली ही लहानशी संस्था, आणि तिचीही तीन बिऱ्हाडे! त्यांत तो साठा होता. तिने तो शाळेच्या संगणकावर, कोणताही पासवर्ड न घालता, माझ्यासमोर उघडला. तीनशेच्या आसपास कागद होते. पहिलाच कागद एका आईच्या उत्पन्नाच्या दाखल्याचा होता. ती आई शाळेत मुलीला न्यायला येते, मी तिला रोज पाहतो.

ती मुलगी काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याने मला जे कळायचे ते कळले.

त्याच संध्याकाळी साठा बंद केला. या काळात कोणी तो पाहिला का, हे सांगता येत नाही. कारण नोंदी ठेवण्याची सोय आम्ही चालूच केली नव्हती. मी मुख्याध्यापकांना आणि कार्यकारी मंडळाला लेखी कळवले. ज्या पालकांचे कागद होते त्या प्रत्येकाला संस्थेने पत्र पाठवले आणि बँक खात्यावर लक्ष ठेवण्यास सांगितले. काही पालक रागावले. त्यांचा राग रास्त होता. आपल्या संसदेने २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत केला आहे आणि त्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. आपण आपल्या मुलांचे कागद विश्वासाने आमच्या हाती देता. तो विश्वास ही संस्थेची सर्वांत मोठी मालमत्ता आहे, आणि तिची नोंद कोणत्याही रजिस्टरात नव्हती.

आता आपल्या शाळेत डेड स्टॉक रजिस्टराशेजारी दुसरी एक वही आहे. तीत ती अकरा नावे होती. पाच बंद केल्यावर सहा उरली आहेत. प्रत्येकापुढे जबाबदार व्यक्तीचे नाव आहे. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी लेखनिक बिल घेऊन बसतात आणि मी वही घेऊन बसतो. नवे खाते कोणास उघडायचे असल्यास संस्थेच्या ई-मेलवर आणि मुख्याध्यापकांच्या सहीने उघडायचे, असा ठराव झाला आहे. कोणी शाळा सोडून गेला की त्याच्या ताब्यातील चाव्या त्या दिवशी परत घ्यायच्या, जसे आपण ग्रंथालयाची पुस्तके परत घेतो.

पालक बंधु-भगिनींनो, आपणही घरी हे करू शकता. एक वही घ्या. घरातील कोणत्या मोबाइलवर कोणती खाती आहेत, फोटो कोठे साठतात, कोणत्या सेवेसाठी बँकेतून पैसे जातात, ते लिहा. पासवर्ड मात्र त्या वहीत लिहू नका. बँकेचा लहान रकमेचा संदेश न वाचता पुसू नका. तसे करण्याची किंमत मी मोजली आहे.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यातील काहींना वाटते की संगणकाचे क्षेत्र फक्त गणितात पहिल्या येणाऱ्यांचे आहे. ज्या मुलीने आमचे डोळे उघडले ती गणितात मध्यम होती. तिची वही मात्र नेहमी स्वच्छ असे. समास आखलेला, तारीख घातलेली. वर्गातील डस्टर हरवले की ते कोणी शेवटचे वापरले हे तिला ठाऊक असे. आज ती हजारो यंत्रांचा हिशेब ठेवते. तुम्हांलाही तशी नोकरी नक्की मिळेल असे खोटे वचन मी देत नाही; त्यासाठी इंग्रजी वाचावे लागेल, संगणकांचे जाळे कसे चालते ते शिकावे लागेल, आणि तिन्ही कंपन्यांनी विनामूल्य ठेवलेले पाठ चिकाटीने पुरे करावे लागतील. परंतु आरंभ आजच करता येतो. शाळेच्या संगणक खोलीत चौदा यंत्रे आहेत. प्रत्येकावर कोणती प्रणाली आहे, ती केव्हा अद्ययावत केली, कोणती यंत्रे सुरू होत नाहीत, याची यादी तुम्ही करा. परवानगी मी आजच, या सभेत, देतो आणि उद्या लेखी देईन. शनिवारी दुपारी खोली उघडी असेल. दहावीच्या विद्यार्थ्यांनी आठवीच्या मुलांना बरोबर घ्यावे.

त्या यादीत माझ्या टेबलावरचा संगणकही धरा. मोजणीतून शिक्षकाला वगळू नका.